झिंक झिजतच नाही, पंखा मात्र गुलाबी पडलाय (दाभोळ खाडी, फायबरची शीडबोट)

खाडीतला_शीडवाला
नमस्कार मंडळी. माझी सव्वीस फुटी फायबरची शीडबोट आहे. आत लहान डिझेल इंजिन, स्टेनलेसचा शाफ्ट, तीन पात्यांचा पंखा (प्रोपेलर). बोट दाभोळ खाडीत, धोपाव्याच्या फेरीपासून बरीच आत नांगरलेली असते. गेल्या उधाणाला ती वर घेतली, आता पावसाळाभर शाकारून ठेवणार.

बुडाला, शाफ्टच्या थोडं पुढे, झिंकची (जस्ताची) एक वडी दोन बोल्टांवर बसवलेली आहे. साधारण वर्षाने निम्मी होते, तेव्हा बदलायची, असं आधीच्या मालकांनी सांगितलं होतं. ही वडी तर जशीच्या तशी आहे. कडा शाबूत, वर पांढरट कवच, आणि ओतताना उठवलेली अक्षरंसुद्धा वाचता येतात.

पंखा मात्र सँडपेपरने घासला तर पिवळ्या धातूत मधेच तांबूस-गुलाबी डाग दिसतात. एका पात्याच्या टोकाला चाकूचं पातं लावलं तर बारीक खपली निघाली.

वडी चांगल्या प्रतीची म्हणून टिकली असेल का? आणि पंख्याचं दुखणं वेगळं समजायचं का? दुकानदार म्हणतो ॲल्युमिनियमची घ्या, नाहीतर मॅग्नेशियमची घ्या, ती "सगळ्यात पॉवरफुल" आहे. काय घेऊ?

देवगडचो_तांडेल
झिंक टिकलो म्हणान हसा नको. झिंक झिजूकच व्हयो. तो झिजणा नाय म्हणजे दुसरा कायतरी झिजता. तुमचो पंखो झिजता हा.
आमी मे म्हयन्यात ट्रॉलर वर घेतलो की पयलो हात वडयेर फिरवतंव. खड्डे लागले की जीव थंड. गुळगुळीत लागली तर वायर खय तुटली ती बघूची.

गंज_आणि_मी
तांडेलांनी निदान करून टाकलं आहे, मी फक्त आकडे जोडतो. (नोकरी मुंबईत गोदीत झाली, त्यामुळे हा विषय निघाला की आवरत नाही, सांभाळून घ्या.)

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू बुडालेले असले आणि वर ते तारेने, बोल्टने, कसेही एकमेकांना जोडलेले असले की बॅटरी तयार होते. दोघांतला जास्त विरघळू पाहणारा विरघळतो आणि दुसरा वाचतो. क्रम ठरलेला आहे. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराईडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी मोजलं तर मॅग्नेशियम उणे १.५ ते १.६ व्होल्ट, ॲल्युमिनियमचा ॲनोड (म्हणजे तुमच्या झिंकसारखीच झिजण्यासाठी लावायची वडी) उणे १.१, झिंक उणे १.०३, साधं लोखंड उणे ०.६ च्या आसपास, ब्राँझ उणे ०.२५ ते ०.३, आणि ३१६ स्टेनलेस, त्याचा संरक्षक पापुद्रा शाबूत असेल तर, शून्याच्या जवळपास.

आता तुमची बोट. शाफ्ट स्टेनलेस. पंखा बहुधा मँगनीज ब्राँझचा, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास तांबं आणि उरलेलं बहुतेक जस्त. व्यवहारात ते पितळच. शाफ्टला तो घट्ट चिकटलेला, दोघांत पंखा कमजोर. पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. तो गुलाबी डाग म्हणजे हेच. घात असा की पात्याचा आकार तसाच राहतो आणि ताकद गेलेली असते. एक दिवस पंख्यात जाळ्याचा दोर अडकतो आणि पातं मोडून येतं.

झिंक यासाठीच असतं की पंख्याऐवजी त्याने जावं. १ अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे सव्वाअकरा किलो झिंक संपतं. तुमच्या एवढ्याशा बोटीला प्रवाह चाळीस-पन्नास मिलिअँपिअरच लागतो, म्हणून किलोभराची वडी वर्ष काढते. पण वडीची झीज शून्य म्हणजे प्रवाह शून्य. ती वडी बुडाला नुसती टांगलेली आहे.

एक करा: लाकडी मुठीने पात्यांवर हलकेच टकटक करून पाहा. चांगलं पातं खणखणतं. बद्द वाजलं तर तो पंखा वापरू नका.

अलिबागकर
वडीवर रंग तर मारलेला नाही ना? आमच्याकडे बोट वर घेतली की रंगारी अँटिफाउलिंगचा (शेवाळ-शिंपले धरू न देणाऱ्या रंगाचा) ब्रश बुडापासून सुरू करतो तो वाटेत झिंक आलं तरी थांबत नाही. वर "साहेब, दोन हात मारलेत, निवांत राहा." रंगवलेलं झिंक म्हणजे नसलेलं झिंक. मी आता रंगाच्या आधी वडीवर मास्किंग टेप लावूनच चावी देतो.

खाडीतला_शीडवाला
रंग नाही, पांढरं कवचच आहे. नखाने निघत नाही, कानशीने निघतं, खाली चकचकीत धातू. पात्यांपैकी दोन खणखणीत वाजतात, ज्याची खपली निघाली ते किंचित बसकं.

कोकणी_फायबर
इंजिनाच्या खोलीत उतरा आणि एक गोष्ट बघून सांगा. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या मध्ये रबरी कपलिंग आहे का? म्हणजे दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये एक जाड रबरी किंवा प्लास्टिकची चकती.

वडीची तार आत बहुधा गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टला दिलेली असते. तिथून शाफ्टपर्यंत वीज जाणार कशी? रबरातून जात नाही. हादरे कमी व्हावेत म्हणून ती चकती बसवतात आणि शाफ्ट नि पंखा दोघं सगळ्यांपासून तुटतात. फायबरच्या बोटींत झिंक न झिजण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे.

शंकेखोर
पण पाणी आहे की मध्ये. वडी आणि पंखा एकाच पाण्यात आहेत. पाण्यातून वीज जातेच. मग तार कशाला?

गंज_आणि_मी
शंका रास्त आहे, बरेच जण इथेच अडकतात. पाण्यातून जातात ते आयन. इलेक्ट्रॉन पाण्यातून जात नाहीत, त्यांना धातूचाच रस्ता लागतो. झिंक विरघळताना त्याच्याकडचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, ते तारेतून पंख्यापर्यंत पोचले पाहिजेत, आणि पाण्यातून आयनांनी फेरी पुरी केली पाहिजे. दोन्ही वाटा हव्यात. तार तोडली की झिंक आपलं आपण थोडंफार खराब होईल, पंख्याला त्याचा उपयोग शून्य.

म्हणूनच दोरीने झिंक बांधून पाण्यात सोडणारे लोक पाहिले की मला गंमत वाटते. तारेने बांधून, तार बोटीच्या धातूला चिमट्याने पक्की लावून सोडलं तर ते चालतं. नांगरावर असताना जादा संरक्षण म्हणून तसं करतातही.

खाडीतला_शीडवाला
@कोकणी_फायबर, चकती आहे! काळी, तळव्याएवढी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक वडीच्या बोल्टला, दुसरं पंख्याच्या नटावरची हिरवट परत घासून तिथे लावलं. काहीच दाखवत नाही, तार जोडलेलीच नसल्यासारखं. वडी ते गिअरबॉक्स मात्र अर्ध्या ओहमच्या आत.

कोकणी_फायबर
मग झालं. कपलिंगच्या दोन्ही चकत्यांना जोडणारी विणीच्या तांब्याची लवचिक पट्टी घाला, दोन्हीकडचा रंग आणि गंज घासून चकचकीत करून, खाली दातेरी वॉशर टाकून. मग वडी ते पंखा परत मोजा, एक ओहमच्या खाली यायला हवं. शिवाय शाफ्टवर थेट बसणारी कॉलरही लावा. दोन अर्धगोल येतात, स्क्रूने आवळायचे. ती शाफ्टलाच चिकटलेली असल्याने कपलिंगचा प्रश्नच येत नाही. कॉलर लावायच्या आधी त्या जागेवरचं ग्रीस पुसून काढा आणि मागच्या ब्रॅकेटमधल्या रबरी बेअरिंगपासून बोटभर अंतर सोडा, बेअरिंगला पाणी मिळायला हवं.

गुहागरी
तारेचं ठीक, पण त्या पांढऱ्या कवचाचं काय? ते इथल्या पाण्याचं लक्षण आहे.

वाशिष्ठीची ही खाडी म्हणजे निव्वळ समुद्र समजू नका. पावसात वरून गोडं पाणी लोटतंच, पण इथे त्यात कोयनेची भर आहे. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत उतरतं, तेही पावसापुरतं नाही. दाभोळच्या तोंडाशी खारेपणा टिकतो, पण जसजसे आत जाल तसतसं पाणी मचूळ होत जातं, आणि ओहोटीच्या शेवटी तर फार. तुम्ही "बरीच आत" म्हणालात तिथे झिंक नीट काम करणार नाही. गोड्या-मचूळ पाण्यात झिंकवर असं घट्ट कवच धरतं आणि ते पुढे खाऱ्या पाण्यात नेलं तरी आपोआप जात नाही. एकदा मुकं झालं की घासेपर्यंत मुकंच.

ॲल्युमिनियमचा ॲनोड दोन्ही पाण्यांत चालतो. मी तोच घालेन.

शंकेखोर
ॲल्युमिनियम म्हणजे घरातल्या पातेल्याचं ॲल्युमिनियम? भंगारातून ओतून घेतलं तर स्वस्तात पडेल.

गंज_आणि_मी
अजिबात नको! शुद्ध ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि ते गप्प बसतं. ॲनोडच्या मिश्रधातूत पाचेक टक्के जस्त आणि अगदी चिमूटभर, ०.०२ टक्क्यांच्या आसपास, इंडियम असतं. तो पापुद्रा धरू न देणं हे इंडियमचं काम. झिंकचंही तसंच. भंगारातल्या झिंकमध्ये लोखंड येतं, आणि लोखंडाचं प्रमाण दहा लाखांत पन्नास भागांवर गेलं तरी वडी हळूहळू निकामी व्हायला लागते. आपल्याकडे जुने पत्रे नि गाड्यांचे सुटे भाग वितळवून वड्या ओतणारे आहेत. दिसायला हुबेहूब, वजनाला बरोबर, बुडाला लावली की दगड. घेताना अमेरिकन लष्करी मानक विचारा: झिंकसाठी १८००१, ॲल्युमिनियमसाठी २४७७९. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

हिशोबाची एक गंमत. एक किलो झिंक सुमारे ७८० अँपिअर-तास देतं, एक किलो ॲल्युमिनियम २५०० च्या आसपास. दुकानदार म्हणतो "तिप्पट टिकतं". वजनाने खरं आहे. पण बुडाला जागा ठरलेली असते, वजन ठरलेलं नसतं. झिंक कितीतरी जड. त्याच आकाराच्या वडीत ॲल्युमिनियम फार तर सव्वापट टिकेल. फायदा टिकण्यात कमी, मचूळ पाण्यात जागं राहण्यात जास्त.

मॅग्नेशियम गोड्या तलावासाठी, पवनेवर किंवा मुळशीवर बोट असेल तर. खाऱ्या पाण्यात ते भराभर संपतं आणि जाता जाता रंग उकलवतं. आणि एक ठरवा: एकमेकांना जोडलेल्या धातूंवर झिंक आणि ॲल्युमिनियम मिसळू नका. ॲल्युमिनियम मग झिंकलाच सांभाळत बसतं.

वेंगुर्ल्याचा_मेस्त्री
मी लाकडी बोटी दुरुस्त करतो. फायबरवाल्यांचं वाचून आमची माणसं पण दाटीवाटीने वड्या मारतात, म्हणून लिहितो. लाकडाला जादा झिंक बाधतं.

मागे एक बोट आली होती, मालक हौशी, बुडाला मूठभर वड्या आणि सगळे बोल्ट, नळ, ब्रॅकेट हिरव्या तारेने एकत्र बांधलेले. धातू नव्यासारखा! पण आतून नळाच्या भोवती पांढरी पूड साचलेली आणि तिथली फळी भिजल्या पोह्यासारखी. अंगठा दाबला तर आत. पाणी जिभेला लावलं तर साबणासारखं बुळबुळीत. (असं करू नका, मी केलं.) सागाची फळी होती. दोन हात लांब तुकडा कापून काढावा लागला.

गंज_आणि_मी
मेस्त्रींचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. ज्या धातूचं रक्षण होतं त्याच्या पृष्ठभागावर अल्कली तयार होते. उघड्या पाण्यात ती वाहून जाते, लाकडात साचते आणि लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन विरघळवते. म्हणून लाकडी बोटीतल्या ब्राँझला उणे ०.५५ ते ०.६ व्होल्टच्या पलीकडे नेत नाहीत. फायबरला ही भीती नाही.

अलिबागकर
एक वेगळा धोका, कारण लोक सगळा दोष झिंकवर ढकलतात. माझ्या आधीच्या बोटीत बिल्ज पंपाची (बुडात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) तार सांधून दिली होती आणि तो सांधा बुडातल्या पाण्यात लोंबत होता. बॅटरी चालू, पाण्यात वीज, आणि ब्राँझचा नळ काही आठवड्यांत चाळणी. हा गॅल्व्हॅनिक गंज, म्हणजे वर सांगितलेली दोन धातूंची आपसांतली झीज, नाही; ही बॅटरीने चालवलेली झीज. कितीही झिंक लावा, पुरणार नाही. नव्या वड्या अचानक महिन्याभरात संपायला लागल्या तर आधी बुडातल्या तारा बघा.

शीड_आणि_इतिहास
विषयांतर करतो, रागावू नका. हा घोळ जुना आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. वेस्ट इंडीजची फेरी करून १७६३ मध्ये परत आल्यावर पाहिलं तर पत्रे जागोजागी सुटलेले, कारण लोखंडी खिळे खाऊन गेलेले. मात्र जिथे पत्र्याबरोबर आलेला गुंडाळायचा तपकिरी कागद खिळा आणि तांब्याच्या मध्ये राहून गेला होता तिथले खिळे शाबूत! रबरी चकती जे करते तेच त्या कागदाने केलं होतं.

मग १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याला लोखंड-जस्ताचे तुकडे जोडून दाखवले. तांबं वाचलं. पण तांबं विरघळेनासं झालं म्हणून त्याच्यावर शेवाळ आणि शिंपले चढायला लागले, जहाजं मंदावली आणि आरमाराने नाद सोडला.

देवगडचो_तांडेल
म्हणजे गोऱ्यांकव शिंपल्यांनी सोडूक नाय.

खाडीतला_शीडवाला
कॉलर मागवायला गेलो तर दुकानदार विचारतो "पंचवीस एमएमची की एक इंचाची?" काय फरक पडतो?

कोकणी_फायबर
एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पंचवीसच्या शाफ्टवर इंची कॉलर आवळली तरी ती पूर्ण बसत नाही, फिरताना सैल होते, थरथरते आणि खालचा संपर्क जातो. उलट केलंत तर दोन अर्ध्यांत फट राहते. टेपने मोजू नका, व्हर्नियरने मोजा, आणि जिथे शाफ्ट घासलेला नाही अशा जागी मोजा.

खाडीतला_शीडवाला
२५.४. इंची मागवली, ॲल्युमिनियमची. बुडाची वडीही ॲल्युमिनियमचीच. बसका वाजणारा पंखा काढून ठेवतोय, नवा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा बघतोय. महाग आहे.

खाडीतला_शीडवाला
(नारळी पौर्णिमा झाली, बोट पाण्यात आहे.)
एका मित्राकडून सिल्व्हर क्लोराईडचा इलेक्ट्रोड आणला. तो बोटीच्या बाजूने पंख्याच्या खोलीपर्यंत पाण्यात सोडला, त्याची तार मल्टिमीटरच्या काळ्या टोकाला, लाल टोक आत शाफ्टला. भरतीला उणे ०.७६. ओहोटीच्या शेवटी उणे ०.६८. बरोबर आहे का?

गंज_आणि_मी
छान. ब्राँझचं स्वतःचं उणे ०.२५-०.३ असतं, ते किमान ०.२ व्होल्टने खाली ढकललं गेलं की संरक्षण मिळालं असं धरतात. तुम्ही दोन्ही वेळी त्याच्या पलीकडे आहात. ओहोटीला आकडा कमी येणं खाडीच्या मचूळपणामुळेच, गुहागरींनी म्हटलं तसं. आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे तो उणे ०.५ च्या वर, म्हणजे शून्याकडे, सरकू लागला की वडी अर्धी झाली असेल किंवा कुठेतरी संपर्क ढिला झाला असेल.

खाडीतला_शीडवाला
एक राहिलं. लाल टोक सिंकखालच्या पाण्याच्या नळाला लावलं, जो बुडातून बाहेर जातो, तर तिथे उणे ०.३१ आला. तो कशालाच जोडलेला नाही. जोडू का?

गंज_आणि_मी
सुटा ठेवलेला अस्सल ब्राँझचा नळ फायबरच्या बोटीत सुटाच बरा, कोणाशी जोडला नाही तर त्याला शत्रू नाही. पण तो खरंच ब्राँझ आहे का? आकड्यावरून ब्राँझ की पितळ हे कळणार नाही. आतली बाजू घासून रंग बघा.

खाडीतला_शीडवाला
घासला. पिवळाधमक, आणि थ्रेडच्या टोकाला गुलाबी.

देवगडचो_तांडेल
हार्डवेअरच्या दुकानातलो नळ, आणि बुडाखाली? येत्या उधाणाक बोट वर घे आणि आधी तो काढ. तवसर लाकडाची खुट्टी दोरयेन बांधून नळाकडेच ठेव, फुटलो तर ठोकूक गावात.